निदान, निदान तरी करा!

मंडळी, बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे एक कारण. दुसरं असं की एकच विषय डोक्यात घोळत होता आणि त्यावर लिहायचा आपल्याला अधिकार आहे का, हेच ठरत नव्हतं. विषय आहे मोटारीच्या इंजिनातला टर्बो. हसू नका! चाकणच्या भाच्याने फोनवर विचारलंच, "मामा, तुम्ही बी.ए. मराठी. तुम्हाला टर्बोतलं काय कळतं?" मी म्हटलं, "बाबा रे, टर्बोतलं तू सांग. पण एखादी गोष्ट सिद्ध झाली की नुसतीच ठोकून दिली, एवढं मला कळतं. छत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात." मग त्याने तीन रविवार फोनवर माझी शिकवणी घेतली. तेव्हा पुढे यंत्राबद्दल जे येईल त्यातलं शहाणपण त्याचं, आणि राग माझा.

राग कशाचा, ते सांगतो.

गेल्या दसर्‍याच्या आधी एक जुना विद्यार्थी अंबाजोगाईला घरी आला. केज तालुक्यात होतो तेव्हा सातवीला माझ्या वर्गात होता. पाया पडला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरीचा एक अर्ज लिहून द्या. हंगामी वसतिगृहात नाव घालायचंय."

मी चमकलोच. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती अंगावर काम करून फेडायची. मागे राहिलेल्या पोरांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृह. पण या पठ्ठ्याने तर चार वर्षांपूर्वीच कोयता खाली ठेवला होता! कर्ज काढून सात सीटची जुनी डिझेल गाडी घेतली होती. गावातले पेशंट बीडच्या नाहीतर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, श्रावणात परळीच्या वैजनाथाची भाडी, लग्नसराईत लग्नाची. बरं चाललं होतं.

"मग आता ऊस कशाला?"

"गाडी चढंनाच झाली गुरुजी. टर्बोनं खाल्लं मला."

झालं असं. बीडहून भरल्या गाडीने परत येताना पाली सोडली आणि मांजरसुंब्याचा घाट लागला की गाडीचा दम जायचा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि मग कितीही अॅक्सिलरेटर दाबा, बैलगाडीच. बाजूला घेऊन किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की सपाटीला परत ठीक. त्याने ती एका मोठ्या गावच्या नावाजलेल्या गॅरेजात नेली. (गाव आणि गॅरेज, दोन्ही नावं लिहीत नाही. एकट्या त्याच गॅरेजचा हा दोष असता तर मी हा लेख लिहिलाच नसता.) तिथे स्कॅनर लावला. स्कॅनरवर नंबर आला, पी-०२९९. मालक म्हणाला, "टर्बो गेला." पाच मिनिटांत निकाल! टर्बो आणि मजुरी मिळून ५२ हजार.

दहा दिवसांनी त्याच घाटात तोच दिवा, तीच बैलगाडी. परत गॅरेज. "सेन्सर गेला असेल." ६ हजार. परत घाट. परत दिवा. आता गॅरेजवाला म्हणत होता, "कॉम्प्युटरच बघावा लागेल, त्याचं काही सांगता येत नाही." तोवर भाडी बुडाली, हप्ता थकला, आणि या ५८ हजारांसाठी त्याने मुकादमाकडून एक लाख उचल घेऊन ठेवली होती. म्हणून पोरीचा अर्ज.

अर्ज मी लिहून दिला. शाळेत असतानाचं त्याचं अक्षर चांगलं होतं, सही अजून सुरेख करतो.

आता जरा टर्बोकडे येऊ. जे जाणकार आहेत त्यांनी हे चार परिच्छेद सोडून दिले तरी चालतील, पण घरच्या बायामाणसांनी जरूर वाचावेत, कारण मी कुकरचं उदाहरण देणार आहे.

इंजिनाला डिझेलबरोबर हवा लागते. जास्त हवा कोंबली तर जास्त डिझेल नीट जळतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. ही हवा कोंबण्यासाठी वेगळं इंजिन न लावता, धुराड्यातून वाया जाणार्‍या गरम वायूच्या जोरावरच एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्याच्या दुसर्‍या टोकाला हवा दाबणारं चक्र बसवायचं, ही युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. तळहातावर मावेल एवढं हे चक्र मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून मग इंजिनात सोडतात. हा जो वरचा दाब, त्याला म्हणायचं बूस्ट. आजकालच्या डिझेल गाडीत जोर लावताना तो साधारण एक ते दीड बार असतो. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत वातावरणाच्या वर साधारण एक बार दाब असतो. म्हणजे मामला कुकरइतकाच आहे.

आता सांगा, घरात कुकरची शिट्टी होईना तर काय करता? नवा कुकर आणता? नाही! आधी गॅस्केट बघता. ती चिरली नाही ना, झाकण नीट बसलंय ना, शिट्टीत डाळ अडकली नाही ना, आत पाणी घातलं की विसरलो, आणि गॅस मोठा आहे का. आमच्या घरात तर सून बाजूने फुसफुस वाफ येतेय का, हे नुसतं ऐकून सांगते. कुकरचं भांडं फुटलंय ही शंका सगळ्यात शेवटी. टर्बोच्या बाबतीत मात्र आपण पहिल्यांदा भांडंच फेकतो!

दाब कमी होण्याची कारणं किती, ते भाच्याने मोजून सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. एअर फिल्टर धुळीने बुजला (आमच्या रस्त्यांवर ते नवल नाही). टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या जाड रबरी पाइपाला चीर पडली, किंवा त्याची क्लिप ढिली झाली. ही चीर गाडी उभी असताना मिटलेली असते आणि घाटात दाब आला की उघडते, म्हणून गॅरेजात सापडत नाही. इंटरकूलरलाच भोक पडलं. ईजीआर वाल्व काजळीने उघडाच अडकला, मग धुराड्यातला वायू टर्बोकडे जायच्या ऐवजी आडवाटेने परत इंजिनात. सायलेन्सरच्या वाटेतली जाळी काजळीने तुंबली, मग वायूला बाहेर पडायलाच जागा नाही. डिझेल फिल्टर तुंबला: डिझेल कमी, म्हणून आग कमी, म्हणून वायू कमी, म्हणून टर्बो मंद! इथे टर्बो बिचारा आरोपी नसून साक्षीदार आहे. मग दाब मोजणारा सेन्सरच खोटं सांगतोय ही शक्यता. आणि शेवटी, टर्बोच्या पाकळ्या कमी-जास्त उघडणारी जी दांडी असते, तिला ओढणारा व्हॅक्यूमचा बारीक पाइप किंवा त्याचा वाल्व. त्या पाइपातून व्हॅक्यूम मिळाला नाही की पाकळ्या उघड्याच राहतात, आणि उघड्या पाकळ्यांवरून वायू जोर न लावता निघून जातो.

एवढी सगळी यादी झाल्यावर मग प्रत्यक्ष टर्बो. तोही जातो, नाही असं नाही. पण तो गेलाय हे पाइप काढून चक्राची पाती तुटलीत का, दांडा हलवून खिळखिळा झालाय का, ऑइल येतंय का, हे बघून सांगता येतं. आणि समजा खरंच गेलाय, तरी प्रश्न संपत नाही. का गेला? ऑइल वेळेवर बदललं नाही? ऑइल आणणारी नळी चोंदली? फाटक्या फिल्टरमधून धूळ आत गेली? ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

आता स्कॅनरचं. हे यंत्र आलं आणि आमच्याकडे एक नवीन अंधश्रद्धा आली. काचेवर नंबर उमटला म्हणजे देवाने कौल दिला! पी-०२९९ या नंबरचा अर्थ आहे, मागितलेल्या दाबापेक्षा मिळालेला दाब कमी आहे. बस्. टर्बो गेला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. गाडीत दाब कमी आहे हे माझ्या विद्यार्थ्याला घाटात पायाला कळलंच होतं. स्कॅनरने तेच नंबर घालून सांगितलं. म्हणजे विद्यार्थ्याने प्रश्नच उत्तर म्हणून लिहून दिला आणि परीक्षकाने पैकीच्या पैकी मार्क दिले!

गंमत म्हणजे त्याच स्कॅनरमध्ये खरी उपयोगाची माहिती असते, ती कुणी बघत नाही. किल्ली लावायची पण इंजिन चालू करायचं नाही. या वेळी दाबाच्या सेन्सरने नुसता बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास, आमच्या बालाघाटाच्या उंचीवर ९५च्या आसपास. तो ७० किंवा १३० दाखवत असेल तर सेन्सर खोटारडा. बरोबर दाखवत असेल तर निदान या परीक्षेत तरी तो पास झाला. उगाच सहा हजारांचा नवा कशाला? मग गाडी भरून घाट चढायचा, आणि शेजारी बसलेल्याने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे बघत राहायचे. कुठल्या वेगाला, कुठल्या चढाला त्यांची फारकत होते, ते लिहून घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम. पण त्या गॅरेजमधून एकही माणूस त्या गाडीबरोबर घाटात गेला नव्हता. दुखणं घाटात आणि तपासणी शेडमध्ये!

'निदान' हा शब्द वर्गात शिकवताना मला नेहमी मजा वाटायची. एक निदान म्हणजे कमीत कमी. निदान चहा तरी घ्या. दुसरं निदान म्हणजे रोगाचं मूळ ओळखणं. आपल्या आयुर्वेदात त्यासाठी 'माधवनिदान' नावाचा अख्खा ग्रंथ आहे आणि रोग ओळखण्याच्या पाच पायर्‍या सांगितल्या आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षणं, उपशय म्हणजे थोडा उपाय करून बघणं की आराम पडतो का, आणि संप्राप्ती म्हणजे रोग अंगात कसा पसरला त्याचा क्रम. औषध त्यानंतर. आता या पायर्‍या धूळ झटकून बाहेर काढायला मी काही वैद्य नाही. पण ज्या मुलखात हा विचार इतका जुना आहे, तिथे आपण नुसतं 'रूप' बघून एकदम शस्त्रक्रियेलाच हात घालतो, याची लाज वाटते.

पुढची गोष्ट ऐका.

अर्ज लिहून झाल्यावर मला चैन पडेना. भाच्याशी पहिलं बोलणं तेव्हाच झालं. तो म्हणाला, "मामा, नवा टर्बो घालूनही तोच त्रास आहे म्हणजे आधीचा टर्बो बहुतेक चांगला होता. दुसर्‍या कुणाला तरी नीट बघू दे." केज रस्त्याला आय.टी.आय. झालेला एक पोरगा ट्रॅक्टर-जीपची कामं करतो असं कळलं. पंचविशीचा असेल. पत्र्याची शेड, बाहेर निंबाचं झाड. आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो.

त्याने बॉनेट उघडायच्या आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कधीपासून? हळूहळू झालं की एकदम? रिकाम्या गाडीलाही होतं का? थंड इंजिनाला होतं की तापल्यावर? धूर काळा की निळा? किल्ली बंद करून चालू केली की ठीक होतं का? (मला माझा वर्ग आठवला. प्रश्न विचारणारा पोरगा दिसला की शिक्षकाला आपोआप बरं वाटतं.) मग एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघितला. जाड पाइपांच्या सांध्यावर हात फिरवून बोटं बघितली, कारण तिथून हवा फुटत असेल तर ऑइलचा ओलेपणा येतो. बोटं कोरडी. मग गुडघ्यावर बसून टॉर्च मारून म्हणाला, "चालू करा. बंद करा. परत चालू करा." टर्बोची ती दांडी इंजिन चालू होताच खस्सकन ओढली जायला हवी होती. ती जेमतेम हलत होती.

मग त्याने त्या दांडीच्या डबीला आपला हातपंप लावला आणि चार वेळा दाबला. दांडी पूर्ण ओढली गेली आणि तशीच टिकून राहिली. "टर्बो एक नंबर आहे," तो म्हणाला. "त्याला हुकूमच पोचत नाही." मग त्याने व्हॅक्यूमचा बारीक पाइप बोटाने चाचपत इंजिनाच्या मागे नेला. गरम भागाजवळ रबर कडक होऊन तडकलं होतं. वाकवलं की चीर उघडायची. त्याने त्या चिरेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाला, "करा चालू." दांडी खस्सकन ओढली गेली!

हाच तो उपशय, मंडळी. माधवनिदानाचं नाव त्या पोराने कधी ऐकलं नसेल.

वीतभर पाइप बदलला. १२० रुपये. आम्ही चौघांना बसवून मांजरसुंब्याच्या घाटात गेलो. गाडी तिसर्‍या गिअरमध्ये, हसत हसत चढली. दिवा लागला नाही. माझ्या विद्यार्थ्याने वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि काही वेळ काहीच बोलला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी गॅरेजवाल्यांच्या नावाने खडे फोडून मोकळा झालो असतो. पण नंतर जे झालं त्यासाठीच हा लेख लिहितोय.

शेडमध्ये परत आलो. पोरगा म्हणाला, "पाइपाचे १२० आणि तपासायचे ५००."

माझा विद्यार्थी म्हणाला, "पाचशे? अरे, वीतभर नळी तर बदललीस!"

आणि ऐका, मीसुद्धा म्हणालो, "हो रे बाबा, जरा कमी कर. गरीब माणूस आहे."

गाडीजवळ चालत येईपर्यंत माझं मलाच लक्षात आलं आणि अक्षरशः घाम फुटला. ज्याने ५२ हजार घेतले त्याच्याशी या माणसाने एका रुपयाची घासाघीस केली नव्हती. कारण तिथे हातात वस्तू मिळाली होती: चकचकीत, जड, खोक्यातली. ज्याने दोन तास डोकं चालवून रोग शोधला, त्याला आम्ही दोघं मिळून विचारत होतो की तू दिलंस काय? मी, ज्याने आयुष्यभर 'विचार करायला शिका' म्हणून घसा कोरडा केला, तो मीसुद्धा!

मी परत फिरलो आणि पाचशे पूर्ण दिले. पोरगा गोड हसला. म्हणाला, "राहू द्या गुरुजी, सगळेच असं म्हणतात. म्हणून तर लोक पार्ट बदलतात. पार्टात पैसे सुटतात, बघण्यात सुटत नाहीत."

एका वाक्यात त्याने अख्खं अर्थशास्त्र सांगितलं. आपण विचाराचे पैसे देत नाही, म्हणून आपल्याला वस्तू विकली जाते. गॅरेजवाला दोन तास पाइप चाचपत बसला तर त्याचं घर कसं चालणार? म्हणून तो अंदाज ठोकतो. अंदाज चुकला तर भुर्दंड गिर्‍हाइकाला, बरोबर आला तर कौतुक त्याला. असा सौदा कुणाला नको! चोरी करायची इच्छा नसलेला माणूससुद्धा या रीतीने हळूहळू बदलू मिस्त्री होतो. बदलून बघू, सेन्सर बदलू, टर्बो बदलू, कॉम्प्युटर बदलू.

पुण्याचे आमचे मेहुणे म्हणतील, "जुन्या गाड्या घेतातच कशाला?" साहेब, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा कित्येक कंपन्यांनी लहान डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. डिझेलवर चालणारी, सात माणसं घेणारी, परवडणारी गाडी ज्याला हवी तो तुमच्या शहरांत वापरून झालेलीच घेणार. तिचं लोखंड अजून दणकट आहे. म्हातारं झालंय ते रबर. म्हणजे इथून पुढे आमच्याकडे दाब कमी होण्याची तक्रार वाढणार, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांत मूळ कारण शंभर-दोनशे रुपयांचं रबर असणार. आणि नव्या गाड्यांत तुंबणार्‍या जाळ्या. दोन्हीकडे शोधणारा माणूस पाहिजे.

दुसरे म्हणतील, "काका, गरिबाने काय परीक्षा घ्यायची मिस्त्रीची?" परीक्षा नको, चार गोष्टी मागा, आणि न लाजता मागा.

पहिली: 'काय बदललं' याच्या आधी 'काय तपासलं' ते जॉबकार्डावर लिहून मागा. फिल्टर बघितला, पाइप बघितले, व्हॅक्यूम बघितला, सेन्सरचा आकडा अमुक. कुणी लिहायला तयार नसेल तर त्याने बघितलेलंच नाही असं समजा.

दुसरी: दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तोच चढ मिस्त्रीला शेजारी बसवून चढा.

तिसरी: काढलेला जुना भाग हातात मागा. माझ्या विद्यार्थ्याचा जुना टर्बो गॅरेजने ठेवून घेतला. तो बहुधा ठणठणीत होता. आता तो कुठे आहे, देव जाणे!

चौथी: पक्कं बिल. दुरुस्ती ही पैसे मोजून घेतलेली सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तिलाही लागू आहे. १९१५ या नंबरवर सरकारी ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. पण हातात चिठोरं असेल तर कुणापुढे जाणार? माझ्या विद्यार्थ्याकडे होता फक्त वहीच्या कागदावर लिहिलेला आकडा.

आणि पाचवी गोष्ट मागायची नाही, द्यायची आहे. तपासणीचे पैसे द्या. काही बदललं नाही तरी द्या. उलट काही न बदलता गाडी दुरुस्त झाली तर जरा जास्तच द्या. हे मी मिस्त्रींच्या वतीने बोलत नाही, तुमच्या खिशाच्या वतीने बोलतोय. ज्या गावात शोधणार्‍याला पाचशे मिळतील, त्या गावात बदलणार्‍याला बावन्न हजार मिळणार नाहीत.

आता तुम्ही विचाराल, पाइप बदलला, गाडी चढली, म्हणजे तुमचा विद्यार्थी उसाला गेला नसेल. गेला. उचल घेतली ती घेतली. खर्च झालेली उचल परत कशातून करणार? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुकादमाचा ट्रक आला आणि नवरा-बायको दोघंही सामान बांधून निघाले. मुलगी सहावीत आहे. अर्जाप्रमाणे तिचं नाव वसतिगृहात लागलं.

मागच्या महिन्यात त्यांच्या गावावरून जात होतो म्हणून वाट वाकडी केली. दारात गाडी उभी होती, ताडपत्री टाकून, चाकांना दगड लावून. आत नवा कोरा टर्बो, नवा कोरा सेन्सर आणि १२० रुपयांचा नवा पाइप. आजीने चहा केला. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिला विचारलं, "बाबाचा फोन येतो का?" म्हणाली, "रोज येतो. गाडी रोज एकदा चालू करून ठेव म्हणतात, पण मला पाय पुरत नाही."

मग किल्ली मी घेतली आणि चालू केली. एका दमात लागली.

असो. फार लिहिलं. डोळ्यांतून पाणी येतंय, ते ऑपरेशनचं समजा. भाच्या, यंत्राचं काही चुकलं असेल तर फोन कर, दुरुस्त करतो. आणि आधी काय चुकलं ते नीट तपासून सांग बरं का!